घोटलेली पावलं

१

लोकांच्या घरी जाऊन 'फोडा' म्हणायचं, याचा ठिणगीला पगार मिळत असे.

जुन्या इमारती तपासणाऱ्या एका कचेरीत ती इंजिनियर होती आणि तिच्या वाट्याला आलेलं खातं जमिनींचं. तळघरं, गोदामं, गाड्या लावायच्या जागा. लोकांचा प्रश्न एकच असायचा, हा सिमेंटचा कोबा अजून चालेल, की उखडून नवा घालायचा? ठिणगी लहान हातोडी घेऊन खाली बसायची आणि वीतवीतभर अंतरावर ठोकत जायची. टणक वाजला तर कोबा शाबूत. बोदा वाजला तर खालची भर सुटली, एक फुली. भेगेत नाणं उभं शिरलं की दुसरी. भेगेची एक कड दुसरीपेक्षा वर आली असेल तर तिसरी. प्लॅस्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटवून दिवसभर ठेवायचा, खालून घाम सुटला तर चौथी. कुठल्याही तीन फुल्या झाल्या की ती उठून हात झटकायची.

"आमच्या वडिलांनी घातलेला कोबा आहे हो, ताई," घरमालक गयावया करायचे.

"म्हणूनच फोडायचा, काका. वडिलांना विचारून भेग थांबत नाही."

कचेरीत तिला फोडाबाई म्हणत. तिला ते आवडायचं. मोठ्या माणसांची झाकून ठेवायची खोड तिच्या डोक्यात जायची. भेग दिसली की त्यावर सतरंजी टाकायची, ओल दिसली की कपाट सरकवायचं, आणि मग दहा वर्षं कपाट हलवायचंच नाही.

त्या सकाळी आईने चहाचा कप तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "गावभर ठोकत फिरतेस, जरा आपल्या तळघरातही ठोक. माझं मशीन नाचतंय."

"मशीनचा पाय झिजला असेल," पेपरामागून बाबा म्हणाले. बाबांनी चाळीस वर्षं कोबे घातले होते. आता गुडघे गेले होते, पण ऐट शाबूत होती. "कोबा माझ्या हातचा आहे."

"हो ना, तुमच्या हातचं म्हणजे दगडावरची रेघ! अहो, रीळ खाली पडलं की घरंगळत थेट भिंतीला जाऊन लागतं. रोज दहा वेळा वाकते मी."

दोघांनी ठिणगीकडे पाहिलं. आता ही उसळणार, बाबांना चार शब्द सुनावणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"भेगा सगळ्याच कोब्यांना पडतात," ती कपात बघत म्हणाली. "भरून घेऊ."

आईने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप नाहीये. मग हे कोण बोललं?"

२

तळघराला रस्त्याच्या बाजूने सात पायऱ्या होत्या. त्या उतरून आईची गिऱ्हाइकं यायची. छताला लागून एक आडवी, अरुंद खिडकी होती. तिच्यातून रस्त्यावरचे फक्त पाय दिसायचे. बूट, चपला, सायकलची चाकं. खोलीच्या मधोमध दिवा लोंबत होता आणि त्याच्याखाली आईचं पायमशीन. शेजारी कापायचं मोठं टेबल, भिंतीला आरसा, आईच्या गळ्यात कायम टेप.

ठिणगी आली तेव्हा आरशासमोर एक नवी गिऱ्हाईक बाई अंग चोरून उभी होती.

"सरळ उभ्या राहा," आई म्हणत होती. "श्वास सोडा. पोट आत घेऊ नका, मला खरं माप हवंय."

खरं तर आईला टेप लागतच नसे. माणूस पायऱ्या उतरेपर्यंत तिच्या नजरेत त्याचं माप बसलेलं असायचं. टेप लावायची ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. फक्त ठिणगीच्या बाबतीत ती नजर चुकायची. ती चौथीत होती तेव्हापासून तिचा प्रत्येक कपडा आईने नजरेने कापला होता आणि प्रत्येक कपडा तिला बोटभर मोठा झाला होता. बाही मनगटाखाली उतरायची, खांदा ओघळायचा. "जगाचं माप बसतं, पोटच्या पोरीचंच कसं चुकतं गं?" असं म्हणत आई टीप मारून द्यायची. हा घरातला जुना विनोद होता.

गिऱ्हाईक गेलं. आई मशीनवर बसली. ठिणगीने भिंतीपासून ठोकायला सुरुवात केली. टण, टण, टण. भिंतीकडेचा कोबा ठणठणीत होता. बाबांचा हात खरंच चांगला होता, ते मान्य करावंच लागायचं. ती दिव्याच्या दिशेने सरकली आणि आवाज उतरला. टण. टक. डब.

मशीनखाली सगळंच बोदं होतं. तिथून एक भेग पायऱ्यांच्या दिशेने निघाली होती. ठिणगीने नाणं काढलं. ते उभं शिरलं. नुसतं शिरलं नाही, तर बोटातून निसटून आत गेलं. ते खाली पडल्याचा आवाज ऐकायला तिने कान दिला, पण आवाज आला नाही.

वर आईचं मशीन धडधडत होतं. खट-खट-खट-खट. आईने टाका संपवला, चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं.

खट-खट.

ठिणगी तशीच बसून राहिली.

"आई, परत चालव."

"आता काय?"

"चालव गं. आणि थांब."

आईने पायटा हलवला. मशीन धडधडलं, आईच्या हाताखाली थांबलं. आणि मग, कोब्याच्या आतून, आणखी दोन टाके. जरासे मऊ. खाली बसलेलं कुणीतरी आईच्या लयीत लय मिसळत होतं आणि त्याला थांबायला क्षणभर उशीर होत होता.

"हे कधीपासून?"

"काय कधीपासून? पोकळीत घुमतं ते. तूच सांगत असतेस ना लोकांना."

बरोबर होतं. ती हेच सांगत असे. पोकळीत आवाज घुमतो. पण घुमणारा आवाज विरत जातो. हे दोन टाके एकसारखे होते, आईच्या टाक्यांसारखेच, मापातले.

"मशीन खिडकीकडे घे," ती म्हणाली.

"आणि सुई काय अंधारात ओवू? दिवा इथे आहे. शिवाय इथे पाय बरे शेकतात." आईने चप्पल काढली आणि मशीनखाली दोन्ही पाय जमिनीवर टेकवले. "तुरपाई करायला बसलं की इथे ठेवते. बरोब्बर दोन जागा आहेत बघ ऊबदार. पावलांएवढ्या."

३

ठिणगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तळघरात तोवर अडगळ होती. ती काढून बाबांनी आईसाठी शिवणाची खोली करायला घेतली. बाबा आणि थापीकाका, दोघांनी दुपारपर्यंत कोबा ओतून सारखा केला. थापीकाका बाबांकडे वीस वर्षं कामाला होते. त्यांच्या हातातली थापी जेवतानाच तेवढी खाली असायची, म्हणून ते नाव. कामाच्या शेवटी सिमेंट आवळून घट्ट व्हायला लागलं तसे दोघं वर जेवायला गेले.

"पायरीवर बस," बाबा तिला म्हणाले. "मांजर, कोंबडी, माणूस, कुणालाही उतरू द्यायचं नाही. तुझ्यावर आहे हा कोबा."

ती बसली. चपला काढून वरच्या पायरीवर ठेवल्या. मग शेजारच्या कुत्रीला पिल्लं झाली होती ती तिला आठवली. ती अनवाणीच पळाली. किती वेळ गेला ते तिला कधीच नीट सांगता आलं नसतं. पाच मिनिटं असतील. अर्धा तासही असेल.

परत आली तेव्हा कोब्यावर पावलं होती.

लहान, अनवाणी. शेवटच्या पायरीपासून निघालेली सहा चालती पावलं, आणि खोलीच्या मधोमध दोन जोडून. तिथे कुणीतरी उभं राहिलं होतं. ओल्या सिमेंटची कड बोटांभोवती वर आली होती. मधल्या जोडीपासून कुठेही काही जात नव्हतं. पुढे नाही, मागे नाही. पलीकडच्या भिंतीपर्यंत कोबा आरशासारखा गुळगुळीत.

तिने स्वतःचे तळवे उलटे करून पाहिले. कोरडे होते. धुळीचे.

नऊ वर्षांच्या मुलीला त्यात भीती वाटण्यासारखं एकच दिसलं. बाबा ओरडतील. उडी मारून गेलं असेल कुणीतरी, तिने स्वतःला सांगितलं. एवढी लांब उडी नऊ वर्षांचं पोर मारत नाही, हे ओळखायला ती फार लहान होती, किंवा फार घाबरलेली होती. गवंड्याची मुलगी होती ती. काय करायचं ते तिने शंभरदा पाहिलं होतं. गुडघ्याखाली फळकुटं टाकत ती मध्यापर्यंत गेली आणि घोटत घोटत मागे आली. सिमेंट आवळलं होतं, ऐकेना. म्हणून तिने डब्यातून वर पाणी मारलं. पाण्याने ते मऊ झालं आणि एकेक पाऊल थापीखाली बुजलं. मधली जोडी तिने सर्वांत आधी घोटली. घोटताना थापीखाली काहीतरी मऊ लागल्यासारखं वाटलं. सिमेंटच ते, मऊच लागणार.

वर पाणी मारून घोटलेला कोबा वरून कच्चा राहतो, त्याची भुकटी सुटते. हे तिला पुढे कॉलेजात शिकवलं. बाबांना ते दुसऱ्या दिवशी सकाळी बोट फिरवताच कळलं.

"मध्ये पाणी कुणी मारलं?"

तिने नुसतं थापीकाकांकडे पाहिलं.

थापीकाकांनी दोनदा 'मी नाही' म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं नाही. पायरीवर बसलेल्या पोरीकडे त्यांनी एकदा पाहिलं, थापी धुतली आणि ते गेले. वीस वर्षं कामावर असलेला माणूस बाबांनी एका सकाळीत काढून टाकला. ते पुन्हा कधी दारात आले नाहीत.

त्या दिवशी कोणीही हरवलं नव्हतं. घरातलं नाही, गल्लीतलं नाही. पुढची कितीतरी वर्षं ठिणगी मनातल्या मनात सगळ्या पोरांची हजेरी घेत असे. सगळी असायची. तिच्या बुद्धीला तेवढं पुरायला हवं होतं.

४

तिने भेगेवर तीन ठिकाणी काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. पातळ काच, दोन्ही टोकांना प्लास्टरचा गोळा, वर तारीख. भेग जिवंत असेल तर काच तुटते. यात वाद घालायला जागा नसते, म्हणून तिला ही पद्धत आवडायची.

चौथ्या दिवशी तिन्ही तुटल्या. पण ओढून तुटलेली काच सपाट पडते. या पट्ट्यांचे दोन्ही तुकडे टोकावर टोक टेकवून उभे होते, पत्त्यांच्या घरासारखे. कोबा खचत नव्हता. मधोमध तो वर येत होता. रीळ भिंतीकडे का घरंगळत होतं, ते आता कळलं.

माती फुगते, तिने स्वतःला सांगितलं. कुठेतरी नळ फुटलाय, खालची माती पाणी पितेय. तिने प्लॅस्टिकचा चौकोन चिकटवला. दुसऱ्या दिवशी काढला. खाली कोरडं ठणठणीत, आणि हात ठेवला तर ऊबदार.

इतर कुठल्याही घरात तिने आतापर्यंत हात झटकले असते. तीन फुल्या केव्हाच झाल्या होत्या. तिने कचेरीचा छापील कागद घेतला, सवयीने सगळे रकाने भरले. पोकळ आवाज, आहे. भेग, नाणं जाईल एवढी. पातळीत फरक, आहे. शेवटच्या ओळीत, जिथे ती नेहमी एक शब्द लिहायची, तिथे तिने लिहिलं, 'भरून चालेल.' खाली सही केली.

ती सही तिला नंतर बराच वेळ बघवेना. सतरंजी टाकणाऱ्या म्हाताऱ्यांवर तोंड टाकणारी बाई, आणि स्वतःच्या आईच्या पायांखाली तिने कागदाची सतरंजी अंथरली होती. फोडलं तर मधला कच्चा थर सगळ्यांना दिसला असता. पाणी मारल्याचा. लहान हाताने घोटल्याचा. एवढीच भीती होती, असं ती स्वतःला समजावत राहिली.

"पटलं ना शेवटी?" बाबा खूश झाले. "कोबा बापाचा आहे."

रविवारी दुपारी भेग भरायला ते स्वतः बसले. गुडघे कुरकुरत होते, पण ऐकतील तर ना. ठिणगीने पातळ सिमेंट कालवलं आणि बाबांनी नरसाळ्याने ओतलं. एक बादली गेली. दुसरी गेली.

"खालची खडी पितेय," बाबा म्हणाले.

तिसरी गेली. चौथी ओतताना बाबा थांबले. नरसाळं त्यांच्या हातात हलत होतं. आतून कुणी हळूच फुंकर मारावी तसं.

"हवा निघतेय," ठिणगी म्हणाली.

"हं," बाबा म्हणाले. चौथ्या बादलीनंतर भेग तोंडापर्यंत भरली. आईने मशीन पुन्हा दिव्याखाली सरकवलं.

५

मंगळवारी ठिणगी कचेरीत होती तेव्हा बाबांचा फोन आला.

आई मशीनवर टीप मारत बसली होती. कोब्याने खालून एक धक्का दिला, एकच, मशीनच्या बरोबर खाली. मशीन उसळलं आणि सुई आईच्या तर्जनीत घुसली. नखातून शिरली आणि खाली हाडाजवळ मोडली. दवाखान्यात तुकडा काढला. डॉक्टर म्हणाले, बोट वाचलं, पण टोकाला संवेदना येईलच असं नाही. शिवणाऱ्या बाईचं बोट.

आई घरी येऊन पट्टी बांधलेला हात उशीवर ठेवून पडली होती. "तू सांगितलं होतंस खिडकीकडे घे म्हणून. मीच हट्टी," ती म्हणाली. ठिणगीला तोंडात मारल्यासारखं झालं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

ती बाहेर आली. बाबा स्वयंपाकघरात उभे होते.

"उद्या फोडायचा," ती म्हणाली. "माणसं मी सांगितलीत. आणि बाबा, मध्ये पाणी मी मारलं होतं. थापीकाकांनी नाही."

बाबांनी हातातलं भांडं ओट्यावर ठेवलं.

"माहीत आहे."

"काय?"

"थापीच्या मुठीला तुझ्या फ्रॉकची नाडी अडकली होती. त्याच सकाळी पाहिली."

"आणि तरी त्यांना काढलंत? वीस वर्षं राबलेल्या माणसाला? माहीत असून?"

"मालकाच्या पोरीने काम बिघडवलं, हे चारचौघांत कबूल करायचं? तेव्हा तसं वाटलं. नंतर गेलो होतो त्याच्याकडे. तो आजारी होता. बोलला नाही माझ्याशी. आता तो नाहीये."

"तुम्ही लोक ना! मरेपर्यंत झाकून ठेवाल! एक शब्द बोलला असता—"

"तू का नाही बोललीस?" बाबांनी शांतपणे विचारलं. "सोळा वर्षं?"

मग तिने उरलेलं सांगितलं. कुत्रीची पिल्लं, पावलं, मधली जोडी.

बाबा ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "कुठली पिल्लं? शेजारी कुत्री आली ती तू पाचवीत गेल्यावर. कोब्यानंतर वर्षाने."

"तुम्हाला काय आठवतंय, बाबा! चष्मा कुठे ठेवलाय ते आठवत नाही तुम्हाला!"

"चष्म्याचं खरं आहे," बाबा म्हणाले. पण ते तिच्याकडे बघत नव्हते, तिच्या पायांकडे बघत होते.

६

दोन माणसं फोडायचं यंत्र घेऊन सकाळी नऊला आली. ठिणगीने पायऱ्यांपासून सुरू करायला सांगितलं. मशीन, टेबल, आरसा, सगळं वर नेलं होतं. रिकाम्या खोलीत यंत्राचा आवाज दातांत शिरत होता. खिडकीत दिसणारे पाय क्षणभर थांबत होते आणि वाकून न बघताच पुढे जात होते.

कोबा चार इंचांचा होता. त्याखाली खडी. पण कोबा आणि खडी यांच्यामध्ये हात जाईल एवढी मोकळी जागा होती, पायऱ्यांपासून मध्यापर्यंत, एखाद्या बोळासारखी. खडी कोरडी होती. स्वच्छ. ओतलेल्या चार बादल्या सिमेंटचा एक थेंबही तिथे नव्हता. तिचं नाणंही नव्हतं.

पहिला मोठा तुकडा उलथला तेव्हा त्या माणसाने यंत्र बंद केलं.

"ताई, खाली कुणाला उलटं टांगलं होतं का?" तो हसत म्हणाला. मग त्याने नीट पाहिलं आणि हसणं आवरलं.

कोब्याच्या खालच्या अंगाला पाऊल उमटलेलं होतं. खालून वर दाबलेलं. टाच, तळव्याची कमान, पाच बोटं. लहान, नऊ वर्षांच्या मुलीचं.

"पुढचा काढा," ठिणगी म्हणाली.

दुसरं पाऊल जरा मोठं होतं. तिसरं आणखी मोठं. प्रत्येक तुकड्याखाली एकेक, मध्याकडे जाणारं आणि मध्याकडे वाढत जाणारं. शेवटचा तुकडा मशीनखालचा होता. तो दोघांनी मिळून उलथला, आणि चहा पिऊन येतो म्हणून ते वर गेले ते लवकर आले नाहीत.

जोडून दोन पावलं. मोठ्या बाईची. एवढी खोल दाबलेली की वर बोटभर कोबाही उरला नव्हता. आईने तुरपाई करताना पाय ठेवायच्या त्याच दोन जागा.

डाव्या पावलाची करंगळी बाहेर वळलेली होती.

ठिणगीचीही तशीच आहे. एकोणिसाव्या वर्षी, कॉलेजच्या जिन्यावरून पडून ती मोडली होती आणि वाकडीच जुळली. कोबा ओतून तेव्हा दहा वर्षं झाली होती. आवळलेलं सिमेंट दहा वर्षांनी ठसा घेत नाही. हे ती कुणालाही आकडेवारीसकट पटवून देऊ शकली असती.

तिने चप्पल काढली आणि डावा पाय त्या ठशात ठेवला. करंगळी करंगळीत बसली. टाच टाचेत बसली नाही. ठसा तिच्या पायापेक्षा बोटभर मोठा होता. तिच्या सगळ्या कपड्यांसारखा. ठसा ऊबदार होता.

पायऱ्यांवर पावलं वाजली. आई उतरत होती, पट्टीचा हात छातीशी धरून. गळ्यात टेप होती. ती कधी नसायची? आई तुकड्याजवळ आली आणि उभी राहिली. तिने ठसा बघितला, नजरेने, गिऱ्हाईक पायऱ्या उतरताना बघते तसा. मग वाकून, डाव्या हाताने, टेप लावली. पुटपुटली. नजरेतलं माप आणि टेपवरचं माप एकच निघालं असावं, कारण तिने मान हलवली. हे माप तिला पाठ होतं. सोळा वर्षं ती याच मापाने कापत आली होती.

"आई," ठिणगी म्हणाली, "मला तुला सांगायचंय. त्या दिवशी मी—"

"बाबांनी सांगितलं."

"मी फक्त घोटलं गं. मला वाटलं, कुणी तरी येऊन गेलंय. मी बघितलंच नाही की..."

वर कुठेतरी चहाचे पेले वाजले. खाली उघड्या खडीत काहीच नव्हतं, आणि त्या काहीच नसण्यातून, अगदी हळू, मापात, खट-खट झालं. आईने त्या बाजूला मान वळवली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. पाळण्यातल्या मुलाने कूस बदलली की जसं लक्ष जातं, तसं तिचं लक्ष गेलं.

मग ती ठिणगीकडे वळली. डोक्यापासून पायांपर्यंत तिने सावकाश पाहिलं. खांदे, बाह्या, मनगटं. टीप मारून मारून आत घेतलेला कुडता. आयुष्यात पहिल्यांदा तिने लेकीसमोर टेप उलगडली. पट्टीच्या बोटाने टेप धरता येईना, तरी धरली.

"सरळ उभ्या राहा," आई म्हणाली. नव्या गिऱ्हाइकांना म्हणते त्याच आवाजात, तितक्याच अदबीने. "श्वास सोडा. मला खरं माप हवंय."